सातपुड्याचा कडा की झाडीपट्टीचे तलाव? फोटोसाठी गाडी कुठे वळवावी

चार-पाच दिवसांची रजा, गाडी, कॅमेरा आणि ट्रायपॉड एवढं जमलं की विदर्भातला माणूस आधी कोकणाचं नाव काढतो. समुद्रच हवा असेल तर त्याला तोड नाही. पण ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्ग नागपूरपासून मुंबईच्या वेशीपर्यंत ७०१ किलोमीटर पूर्ण खुला झाला, तरी रत्नागिरीचा किनारा त्याच्या टोकापासूनही बराच दूर राहतो. जाण्यायेण्यात निम्मी रजा संपते आणि दिवसभर स्टेअरिंग धरलेला माणूस पहाटे साडेचारला उठत नाही. फोटो तर त्याच वेळचे. आठवड्याहून कमी रजा असेल तर कोकण पुढच्या वेळेस ठेवा.

मग उरतात घरच्या दोन वाटा. पश्चिमेला परतवाड्यावरून चिखलदरा, गाविलगड, सेमाडोह आणि परतीला लोणार. पूर्वेला झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भाचा धान-तलावांचा मुलूख: भंडारा-साकोलीवरून नवेगावबांध, इटियाडोह, बोदलकसा आणि गोंदियाची धानशेती. दोन्ही एकाच रजेत उरकायच्या भरीस पडू नका. एकाच जागी सकाळ, संध्याकाळ आणि पुन्हा सकाळ उभं राहिल्याशिवाय ती जागा आपलं रूप दाखवत नाही.

परतवाड्याच्या बाजूने संत्र्याच्या बागा मागे पडल्या की घाट लागतो. खालचं मैदान साधारण चारशे मीटरवर, वरचं चिखलदरा अकराशेच्या आसपास. म्हणजे तासाभरात हवा, झाडं आणि उजेड तिन्ही बदलतात. इथली खरी कमाई म्हणजे डोंगराची दक्षिणेकडची धार, जी थेट वऱ्हाडच्या मैदानात उतरते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. अशा वेळी मैदानाकडे तोंड करून उभं राहिलं की सकाळी प्रकाश डावीकडून येतो, संध्याकाळी उजवीकडून, आणि एकामागे एक असलेल्या डोंगरसोंडा निळसर होत सुट्या दिसू लागतात. यासाठी वाइड लेन्सपेक्षा दूरचं जवळ आणणारी ७०-२०० मिलिमीटरची लेन्स जास्त कामाची. नवशिके इथेच चुकतात: सगळी दरी एका फोटोत कोंबतात आणि हाती नुसतं धुरकट आकाश येतं.

पावसाळ्यातलं चिखलदरा वेगळंच. भीमकुंडाचा धबधबा, पंचबोलची दरी, देवी पॉइंट, सगळीकडे ढग उतरलेले. पांढरं धुकं पाहून कॅमेरा उजेड आपसूक कमी करतो आणि फोटो करडा येतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉपपर्यंत, म्हणजे दुप्पट उजेडापर्यंत, वाढवून ठेवावं. धुकं हटेल याची वाट पाहणं हेच इथलं मुख्य काम. शनिवार-रविवारी मात्र पॉइंटांवर इतकी गर्दी असते की ट्रायपॉड मांडायला जागा मिळत नाही. सोमवार ते गुरुवार जमवता येत नसेल तर ऑगस्टमधलं चिखलदरा मी सुचवणार नाही.

गाविलगडाला अर्धा दिवस द्याच. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने हा किल्ला घेतला. आज तिथे भलेमोठे दरवाजे, तट आणि तलाव उरलेत, आणि दुपारनंतरचा तिरपा उजेड त्या दगडांवर सुरेख पडतो. खाली येताना गवळ्यांकडची रबडी खायची, हे सांगायला नकोच. मेळघाटातल्या सेमाडोह, हरिसालकडचा सागवनाचा पट्टा सप्टेंबर-ऑक्टोबरात बघावा. मार्चपर्यंत सागाची पानं झडलेली असतात आणि रान उघडं पडतं. तिथे मोबाइलला रेंज भरवशाची नाही. पेट्रोल परतवाड्यातच भरून घ्या.

लोणार या वाटेवर जोडायचं की नाही, हा स्वतंत्र विचार. चिखलदऱ्याहून पाच-सहा तास जातात. उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात पडलेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. काठावर उभं राहिलं की दोन्ही कडा डोळ्यांच्या बाहेर निघून जातात आणि १६ मिलिमीटरची लेन्सही अपुरी पडते. कॅमेरा उभा धरून एकावर एक थोडे चढतील असे फोटो घ्यावेत आणि नंतर जोडून पॅनोरमा करावा. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, ते खारट पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे. तसा रंग मिळेल या आशेवर गाडी काढू नका. विवराच्या आतली हिरवी किनार आणि पाण्याकाठचं कमळजा देवीचं मंदिर एवढं पुष्कळ आहे.

आता पूर्वेकडे. इथे मी तटस्थ नाही, कारण या तलावांइतकं सुंदर आणि दुर्लक्षित दुसरं काही विदर्भात नाही असं मला मनापासून वाटतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले हे जुने मालगुजारी तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, कोहळी समाजाने पिढ्यान्पिढ्या बांधल्या. डोंगराच्या दोन सोंडांमध्ये मातीची पाळ घालायची, पावसाचं पाणी अडवायचं आणि खालच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेतांना, धानासाठी सोडायचं. नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं गावोगाव सांगतात. तुम्ही तिथे जे निसर्गचित्र म्हणून टिपता, त्यात माणसाच्या हातांचं काम आहे. पाळ, तुडुंब पाणी, मागे टेकड्या आणि पुढे धान, अशी फ्रेम आपोआप मांडलेली मिळते.

एक अडचण आहे. हा मुलूख सपाट, टेकड्या ठेंगण्या. उंचीवरून खाली पाहण्याचं सुख इथे नाही. म्हणून कॅमेरा खाली आणावा लागतो, पाण्याच्या अगदी जवळ. पाण्यातलं प्रतिबिंब सूर्य वर येऊन वारा सुटेपर्यंतच टिकतं. ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा, डोंगा पाणी कापत निघाला तर तो फ्रेममध्ये येऊ द्यावा, पण आधी त्यांना विचारावं. त्यांची ती कामाची वेळ असते, आणि विचारलं की बहुतेक जण मासे कुठे लागतात तेही दाखवतात.

महिन्याप्रमाणे रंग पालटतात. जुलैत रोवणी, म्हणजे चिखलाच्या आरशात पऱ्ह्यांच्या (धानाच्या रोपांच्या) हिरव्या रेघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धान पिवळं होतं. कापणीनंतर बांध्यांमध्ये लाखोळीची डाळ उगवते आणि तलावांवर दूरदेशीची बदकं उतरलेली असतात. फेब्रुवारी-मार्चात पळस. गोंदिया जिल्ह्यात सारस दिसला तर ५०० मिलिमीटरची लेन्स लावून रस्त्यावरूनच टिपा. पावसाळ्यात धानाच्या बांधीत त्याचं घरटं असतं, त्या दिवसांत जवळ जाणं पापच.

गोठणगावची तिबेटी वसाहत इटियाडोह धरणाच्या वाटेवर आहे. धानाच्या हिरव्या पट्ट्याशेजारी रंगीत प्रार्थनापताका फडफडताना दिसणं, हे दृश्य या भागात दुसरीकडे कुठे मिळणार नाही. आणि दिवाळीनंतर गेलात तर रात्री मोकळ्या ठेवा: वडसा आणि आसपासच्या गावांत झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात.

राहण्याची सोय चिखलदऱ्यात निश्चित जास्त आणि सरळ. झाडीपट्टीत नवेगाव सोडलं तर साकोली, गोंदिया किंवा अर्जुनी मोरगावात मुक्काम करून पहाटे निघावं लागतं. कुटुंब बरोबर असेल, विशेषतः ज्यांना तुमच्या फोटोंपेक्षा फिरण्यात रस आहे, तर चिखलदरा घ्या. एकटे किंवा मित्र असाल आणि नोव्हेंबर ते जानेवारीत सुट्टी असेल, तर दुसरा विचारच करू नका, पूर्वेला जा. ऑगस्ट-सप्टेंबरात मधल्या वारांची रजा मिळत असेल तर सातपुडा. एप्रिल-मेमध्ये दोन्हीकडे नको. तलाव आटलेले, डोंगर करपलेला.

नागपूरहून निघणाऱ्याला नवेगाव साधारण तीन तासांचं, चिखलदरा पाच तासांचं. अमरावती-अकोल्याच्या माणसासाठी हे गणित उलटं होतं, म्हणून पहिल्यांदा जाताना जवळची वाट धरली तरी काही बिघडत नाही. मोटरसायकलवाल्यांनी लक्षात ठेवावं की समृद्धीवर दुचाकीला मनाई आहे; लोणारला जुन्या रस्त्यानेच जावं लागेल.

दोन्हीकडे वाघ आहे, हे विसरू नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे वळलात तर अंधारात पायी झुडपात शिरू नका, पाळीवर बसायचं तर गावातल्या माणसाला सोबत घ्या. मोहफुलांच्या दिवसांत अस्वलाचीही भीती असते. व्याघ्र प्रकल्पात आणि लोणारच्या अभयारण्यात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि गोंदियाकडच्या नागझिरा अभयारण्याचं पर्यटन पावसाळ्यात बंद असतं. वनविभागाच्या फाटकांच्या वेळा आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि त्याप्रमाणेच पहाटेचा गजर लावा.