शनिवारची मंडई, रविवारची वायनरी: काय टिकलं, काय गळलं

आधी निकाल सांगते, मग कारणं. दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत शनिवारी सकाळी मुंबईतल्या जुन्या, छपराखालच्या मंडया आणि अधूनमधून रविवारी नाशिक-इगतपुरीकडच्या छोट्या वायनरी, असा क्रम आम्ही चालवला. मंडईची सवय लागली आणि ती आता सुटायची नाही. वायनरीला मात्र वर्षातून दोनदा जाणं पुष्कळ झालं, तेही हंगाम बघून. आम्ही म्हणजे मी, नवरा आणि मंडईपुरत्या सासूबाई. दादरला राहतो. गाडी आहे, पण या कामाला ती काढत नाही. का ते पुढे सांगते.

पाहुणे आले की सगळे क्रॉफर्ड मार्केटला नेतात, म्हणून तिथूनच सुरुवात केली. इमारत १८६९ ची, आराखडा विल्यम इमर्सनचा, प्रवेशद्वारावरची शेतकऱ्यांची शिल्पं लॉकवुड किपलिंगची. ते समोरच्याच जे. जे. कलाशाळेत शिकवायचे. शनिवारी आठच्या आत पोचलात तर मान वर करून लोखंडी कमानी निवांत बघता येतात. दहानंतर वर बघत चाललात तर कुणाच्या तरी पाटीवर आदळाल. स्वस्ताईच्या आशेने मात्र इथे येऊ नका. घाऊक फळबाजार १९९६ मध्येच वाशीला गेला. आता इथे मिळतात ती निवडलेली, पुसून रचलेली फळं, आणि पहिला भाव तुमच्या चेहऱ्याकडे बघून सांगितला जातो. सासूबाई तो ऐकून नुसत्या हसतात आणि चालू लागतात, मग मागून दुसरा भाव येतो. मला हे अजून जमत नाही. जानेवारीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, सुका मेवा, केकचं सामान आणि थोडं चीज एवढ्यासाठी इथली फेरी ठीक. दर आठवड्याला यावं असं काही नाही.

दर आठवड्याला जावं ते गोपी टँक मंडईत. सिटीलाइटजवळची ही महापालिकेची मंडई बाहेरून अगदी साधी आहे, फोटो काढावा असं तिच्यात काही नाही. आत ओल्या फरशीवरून जपून चालावं लागतं. वर पिवळे दिवे आणि खाली ओट्यांवर पापलेट, सुरमई, मांदेली, तिसऱ्या. सासूबाई कल्ला उघडून आतला रंग बघतात, बोटाने दाबून मांस परत वर येतं का ते बघतात, आणि बोंबील मऊ असला तरी चालेल पण वास आला तर नको, असं मला दर वेळी नव्याने शिकवतात. सुरुवातीला आम्हाला सगळ्यांसारखाच भाव लागायचा. पण एकाच कोळणीकडे सलग जात राहिलो, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी ती स्वतःहून म्हणाली, "बाय, आज पापलेट नको घेऊ, बरफातलं हाय. मांदेली ने." गिऱ्हाईक परत येणार आहे हे तिला कळलं होतं. कुठल्याही अ‍ॅपवरून मागवलेल्या मासळीबद्दल आजवर मला कुणी असं सांगितलेलं नाही.

दोन गोष्टी नवख्यांसाठी. लहान मासळी वाट्यावर मिळते, तेव्हा किलोचा हिशेब डोक्यातून काढून टाका आणि वाटा पुरेसा भरलाय का ते बघा. दुसरं, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत ओट्यावर दिसणारी बरीच मासळी बर्फातली किंवा तलावातली. आम्ही तेव्हा सुके बोंबील आणि जवळ्यावर दिवस काढले, तक्रार नाही.

मध्ये एकदा पुण्याला गेलो होतो तेव्हा तिथली मंडईही बघून आलो. अष्टकोनी, मध्ये मनोरा, दगडी. दिसायला मुंबईपेक्षा सरस म्हणेन. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट आणि ही पुण्याची मंडई, दोन्हींना आज महात्मा फुल्यांचं नाव आहे. पुण्याची मंडई उभारायचा विषय नगरपालिकेत आला तेव्हा सभासद असलेल्या जोतिबांनी त्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाकडे जावा म्हणून. भाजी घेता घेता हे आठवलं की मजा वाटते.

आता वायनरी. इथे माझं मत बरंच बदललं.

पहिल्यांदा आम्ही अर्थातच गंगापूर धरणाच्या बाजूला गेलो. नाशिकचं वाइनचं नाव झालं ते सुला या वायनरीमुळे, २००० साली त्यांची पहिली वाइन आली तेव्हापासून. पुढे २०२१ मध्ये शेजारची यॉर्क वायनरीही त्यांनी घेतली. धरणाच्या पाण्याकडे तोंड करून संध्याकाळी बसायला हा परिसर छानच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण रविवारी दुपारी या भागात लग्नघरासारखी गर्दी असते. नाव घेत नाही, पण एका ठिकाणी पाच वाइन आमच्यापुढे इतक्या भराभर ओतल्या गेल्या की पहिलीची चव तोंडात असताना तिसरी आली, आणि टाक्या दाखवायची फेरी तर सेल्फीच्या रांगेत संपली. दिलेले पैसे वाया गेले असं म्हणणार नाही, पण वाइनबद्दल काही कळलं नाही.

म्हणून मोर्चा छोट्या ठिकाणांकडे वळवला. इगतपुरी तालुक्यात सांजेगावच्या बाजूला, मुकणे धरणाच्या पाण्याजवळ व्हॅलोने ही वायनरी आहे. निफाडकडे रेव्हेलो आहे, त्यांनी ग्रिलो आणि नेरो द'अव्होला या इटलीच्या जाती इथे लावल्या. अशा ठिकाणी आधी फोन करावाच लागतो. फोन न करता गेलात तर दार उघडायला माळी येईल. पण फोन करून गेलात तर तास-दीड तास एक माणूस तुमच्यासाठी मोकळा असतो, आणि खरा फरक तिथेच पडतो.

एका छोट्या वायनरीत आम्हाला फिरवणारा मुलगा जवळच्याच गावचा होता. सुरुवातीला तो पाठ केलेलं इंग्रजी बोलत होता: वाइनचा सुगंध, तोंडात जाणवणारा भरीवपणा, मागे राहणारी चव, सगळं क्रमाने. नवऱ्याने मध्येच मराठीत विचारलं, "तुमची बाग आहे का?" पोरगा एकदम खुलला. वडिलांची थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षाची, बाग आहे म्हणाला. मग एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, म्हणजे वर्षातून दोनदा वेल कापायचा आणि पीक मात्र एकदाच घ्यायचं, हे त्याने वेलाची काडी हातात धरून समजावलं. खायच्या द्राक्षाचा मणी मोठा करायचा म्हणून विरळणी करतात, जीए या वाढीच्या संजीवकात घड बुडवतात. वाइनच्या द्राक्षाला यातलं काही नको असतं. मणी बारीक, साल जाड, आत बी, आणि साखर बावीस-चोवीस ब्रिक्सपर्यंत (रसातल्या साखरेचं माप) चढली की तोडणी, तीही पहाटे, गारव्यात. त्याचे वडील ही द्राक्षं बघून अजून म्हणतात, एवढ्या बारक्या मण्यांना कोण विचारणार! भुरी आणि डाऊनी या रोगांची धास्ती मात्र दोन्ही बागांना सारखीच. त्या एका तासात मला जे कळलं ते आधीच्या सगळ्या चकचकीत टेस्टिंगमध्ये मिळून कळलं नव्हतं.

हंगामाचं जे म्हणते ते याचसाठी. जानेवारी ते मार्च वेलीवर घड असतात, तोडणी चालू असते, क्रशर चालू असतो, आणि टाकीपाशी उभं राहिलं की आंबण्याचा तो उग्र गोड वास येतो. पांढऱ्या वाइनचा रस लगेच पिळून सालाशिवाय थंड टाकीत आंबवतात, लाल वाइन सालांसकट. हे डोळ्यांनी दिसतं तेव्हा वेगळं समजवावं लागत नाही. मेमध्ये आम्ही गेलो तर छाटलेले खुंट, नवी पालवी आणि रणरणतं ऊन. जुलैमध्ये डोंगर हिरवेगार, ढग खाली उतरलेले, पण वेलीवर नुसती पानं. पावसाळी सहल म्हणून उत्तम. वाइनसाठी एवढं लांब जायची गरज नाही.

बाटली घेताना एक पथ्य पाळा: मागचं लेबल वाचून वर्ष बघा. इथल्या बहुतेक पांढऱ्या वाइन ताज्या पिण्यासाठीच केलेल्या असतात, एक-दोन वर्षांत संपवाव्यात. सवलतीच्या फळीवर तीन-चार वर्षांपूर्वीची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन दिसली तर हात आखडता घ्या. आमच्याकडच्या दुकानात तर बाटल्या ट्यूबलाइटखाली, उन्हाळ्यातही नुसत्या पंख्याच्या वाऱ्यावर उभ्या असतात, म्हणून पांढरी वाइन मी आता शक्यतो वायनरीतूनच आणते. सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये झाला होता, मोठा गदारोळ झाला आणि ते तिथेच राहिलं, त्यामुळे दुकान किंवा वायनरी एवढेच दोन पर्याय. वाटेत कुणी विचारलं तर दाखवायला पावती पिशवीतच राहू द्या.

दोन्ही फेऱ्या एकत्र येतात त्या रविवारी दुपारच्या ताटात, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं फळ तिथेच आहे. वायनरीच्या उपाहारगृहात वाइनबरोबर पिझ्झा नाहीतर चीजची थाळी पुढे येते. आमच्या घरी काय जमलं ते सांगते. किंचित गोडसर शेनिन ब्लाँ रवा लावून तळलेल्या बोंबलाबरोबर फार छान लागते, कोथिंबीर वडीबरोबरही. आंबटसर सोव्हिन्यों ब्लाँ, हीसुद्धा पांढरीच, तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर, पण खोबरं बेताचं असेल तरच. शिराझ मटणाबरोबर चालते, मात्र तिखट कमी ठेवावं लागतं; मिरची चढली की लाल वाइन नुसती कडू आणि जळजळीत लागते. झणझणीत रश्श्याबरोबर कुठलीच टिकली नाही, थंडगार रोझे, म्हणजे गुलाबी वाइनसुद्धा माघार घेते. त्या दिवशी ताकच बरं. सासूबाईंनी शिराझचा एक घोट घेऊन "कफाच्या औषधासारखी" असा शेरा मारला, शेनिनचा अर्धा ग्लास मात्र कुणाला न सांगता संपवला. सोलकढीला मात्र कशानेही मागे टाकलेलं नाही, हे त्यांचं मत मलाही मान्य आहे.

टेस्टिंगच्या दिवशी सकाळी नाशिकची चुलीवरची मिसळ खाऊन जायचा मोह होतो. टाळा. जीभ दुपारपर्यंत कामाला येत नाही. मिसळ परतीच्या वाटेवर.

आता गाडीचं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, कसाऱ्याचा घाट चुकला, त्यामुळे गाडीने जाणं फारच सोपं झालं. पण मग एकाने कोरडंच बसायचं किंवा दोघांनी खोटं बोलायचं, आणि दोन्ही मला नको. आम्ही तपोवन एक्स्प्रेसने जातो. सकाळी सव्वासहाच्या सुमारास मुंबईहून सुटते, दहाच्या आत नाशिकरोड; परतीची संध्याकाळी सहानंतर. दादरला चढता येतं. तिकीट मात्र आधी काढून ठेवा, रविवारी ऐनवेळी बसायला मिळत नाही. नाशिकरोडहून गंगापूरच्या बाजूला वीसेक किलोमीटर आहे, आणि गंमत इथे सुरू होते: जायला गाडी मिळते, यायला मिळत नाही. अ‍ॅपवरचे चालक वायनरीचा पत्ता बघून फेरी रद्द करतात. त्यामुळे स्टेशनबाहेरच दिवसभरासाठी टॅक्सी ठरवा, परतीची वेळ तासभर आधीची सांगा, आणि निफाड की गंगापूर की इगतपुरी, एका दिवसात एकच बाजू धरा.

खर्चाचं म्हणाल तर दोघांची तिकिटं, टॅक्सी, टेस्टिंग, जेवण आणि दोन बाटल्या धरून एका वायनरी-रविवारच्या पैशांत आमच्या महिनाभराच्या मासळीचा बाजार होतो. मुलांना न्यायचं असेल तर मंडईत खुशाल न्या, चिंबोरीपाशी ती अर्धा तास हलत नाहीत. वायनरीत त्यांना करण्यासारखं काही नसतं, तिसऱ्या ग्लासाआधीच "कधी निघायचं" सुरू होतं.