लोकेशन साउंडचं सामान: काय घरी बनवावं, काय विकत घ्यावं, काय भाड्याने आणावं

"माइक घरी बनवू की विकत घेऊ?" असं विचारणाऱ्याला मी आधी उलटा प्रश्न टाकतो: तो बंद पडला तर दिवस कुणाचा वाया जाणार?

आंबोलीत पावसाळी रात्री बेडकांचा आवाज टिपायला झुडपात ठेवलेली माइकची जोडी मुकी झाली, तर मी एकटा कपाळाला हात लावतो आणि पुढच्या शनिवारी पुन्हा घाट चढतो. हेच शूटवर झालं, तर वीस-पंचवीस माणसं, भाड्याचा जनरेटर आणि मेकअप करून उन्हात उभा नट, सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसतात. पहिल्या प्रकारातलं सामान बिनधास्त बनवा. दुसऱ्या प्रकारातलं विकत घ्या, नाहीतर भाड्याने आणा. मी प्रत्येक वस्तू याच फूटपट्टीने मोजतो. पैसे किती वाचतात हे त्यानंतरचं. पहिल्या वर्षी तर काहीच वाचत नाही, कारण सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि जाळलेले सुटे भाग यांचा हिशोब कुणी धरत नाही.

केबल: बनवाच

इथे माझ्या मते वादच नाही. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. न्यूट्रिकचे कनेक्टर आणि कॅनारेची किंवा तशा दर्जाची वायर मीटरवर घ्या. खर्च मध्यम तयार केबलएवढाच येतो, पण वस्तू वरच्या वर्गातली हातात पडते. स्वस्त तयार केबल कापून बघितलीत तर शील्डच्या, म्हणजे बाहेरचा त्रास अडवणाऱ्या धातूच्या वेष्टनाच्या, नावाखाली चार धागे सैल गुंडाळलेले दिसतात आणि मोबाइल जवळ आला की हेडफोनमध्ये टिर्रटिर्र का होतं ते कळतं.

एक्सएलआरची, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या गोल कनेक्टरची, जोडणी एका दुपारी शिकून होते: १ नंबरच्या पिनला शील्ड, आवाज नेणाऱ्या दोन तारांपैकी २ ला हॉट, ३ ला कोल्ड. सोल्डर करण्याआधी कनेक्टरचं मागचं टोपण वायरीत ओवून घ्यायचं. हे वाचूनही तुम्ही विसरणार आहात. मी बारा वर्षांनंतरही महिन्यातून एकदा विसरतो आणि सुंदर जमलेला जोड पुन्हा उकलतो. शेवटी मल्टिमीटर बीपवर ठेवून तिन्ही पिना तपासायच्या आणि बीप चालू असतानाच वायर हलवून बघायची. न हलवता तपासलेली केबल तपासलेली धरू नये.

जनरेटरच्या किंवा लाइटच्या वायरींजवळून केबल न्यायची असेल तर चार तारांची स्टारक्वाड घ्या. समोरासमोरच्या तारा एकत्र जोडायच्या; हम, म्हणजे विजेची गुणगुण, चांगलाच कमी होतो. एरवी साधी दोन तारांची पुरते, गुंडाळायलाही मऊ.

माइक: इथे खरी गंमत

तयार माइक आणि घरचा माइक यांची तुलना बहुतेक लोक किमतीने करतात. मी दोन आकड्यांनी करतो. पहिला सेल्फ नॉइज, म्हणजे समोर काहीच वाजत नसताना माइक स्वतः जो हिस करतो तो. दुसरा संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक आवाजाला तो किती व्होल्टेज देतो.

फिल्मच्या सेटवर वर्षानुवर्षं दिसणारा सेनहायझर एमकेएच ४१६ घ्या. सेल्फ नॉइज १३ डेसिबल, संवेदनशीलता २५ मिलिव्होल्ट. आता जपानच्या प्रिमो कंपनीची ईएम२७२ ही १० मिलिमीटरची इलेक्ट्रेट कॅप्सूल, म्हणजे माइकमधला आवाज पकडणारा सुटा भाग. ती साबुदाणा वड्यातल्या शेंगदाण्याएवढी. डेटाशीटप्रमाणे तिचा सेल्फ नॉइज १४ डेसिबल आणि संवेदनशीलता सुमारे ४० मिलिव्होल्ट. म्हणजे शांततेत ती लाखाच्या घरातल्या माइकच्या एकच पायरी मागे, आणि आउटपुट त्याच्याहून जास्त. आउटपुट जास्त म्हणजे रेकॉर्डरचा गेन कमी लागतो, म्हणजे आवाज कमी चढवावा लागतो. साध्या रेकॉर्डरचे प्रीअँप, म्हणजे माइकचा सिग्नल चढवणारे भाग, स्वतःच हिस करणारे असतात, तिथे याचा मोठा फायदा. पुई ऑडिओची एओएम-५०२४ ही कॅप्सूलही याच जातीची, आणि सुटे भाग विकणाऱ्या मोठ्या परदेशी दुकानांतून ती भारतात मागवता येते.

मग ४१६ कशाला घ्यायचा? दिशेसाठी. या कॅप्सूल ओम्नी, म्हणजे चहूबाजूंनी ऐकणाऱ्या. पहाटेचं जंगल, देवळातला काकडा, एसटी स्टँडची गजबज, यांना हेच हवं. पण संवादाला नको. नटापासून तीन फुटांवर धरलेली ओम्नी कॅप्सूल त्याच्या वाक्यासोबत मागच्या रिक्षाही तेवढ्याच प्रेमाने उचलते. ४१६ सारख्या शॉटगन माइकच्या लांब नळीला ज्या फटी असतात, त्यांतून बाजूचे आवाज मागेपुढे पोचून एकमेकांना मारतात. ती मापं घरी जमत नाहीत. नळीला करवतीने खाचा पाडून शॉटगन होते असं सांगणारा भेटला, तर चहा पाजून निरोप द्या.

दुसरा फरक दमटपणाचा. एमकेएच मालिका रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या तत्त्वावर चालते, त्यामुळे ओल्या हवेत ती तग धरते. माझ्या घरच्या जोडीने आंबोलीच्या धुक्यात तिसऱ्या रात्री फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडायला सुरुवात केली. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून सकाळपर्यंत ठेवली तेव्हा शांत झाली. आता दोन जोड्या नेतो. एक काम करते, दुसरी डब्यात वाळते. दोन जोड्यांची मिळून किंमत विकतच्या एका माइकच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही.

बनवताना खरी परीक्षा सोल्डरची. कॅप्सूलच्या मागे दोन ठिपके असतात. ज्याच्यापासून बारीक रेघा बाहेरच्या धातूच्या कवचाला जातात तो ग्राउंड. आतला इलेक्ट्रेट थर उष्णतेने मरतो. म्हणून कॅप्सूल तोंड खाली करून धातूच्या जाड तुकड्यावर ठेवायची, मध्ये स्वच्छ कागद. वायरीला आधीच सोल्डर लावून घ्यायचं आणि आयर्न दोन सेकंदांच्या आत उचलायचं. तीन मोजलेत की धोका. माझ्या पहिल्या चारपैकी एक कॅप्सूल जिवंत दिसत होती, वाजतही होती, पण जोडीदारापेक्षा खूप दबकी. म्हणून दोनाऐवजी तीन मागवा आणि बनवून झाल्यावर त्यांतल्या जुळणाऱ्या दोन निवडा.

कवच धातूचंच हवं आणि ते ग्राउंडला जोडलेलं हवं. नुसत्या हीट श्रिंकमध्ये (तापवल्यावर आवळणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीत) गुंडाळलेली कॅप्सूल हात लागला की गुणगुणते. बोहरी आळीत पितळी नळी कापून मिळते. माझी सगळ्यात टिकलेली जोडी मात्र शाईच्या जुन्या पेनांच्या धातूच्या टोपणांत बसवलेली आहे.

एक निर्णय आधीच घ्या: वीज कुठून? साडेतीन मिलिमीटरच्या जॅकमधून थोडी व्होल्ट देणारा रेकॉर्डर असेल तर कॅप्सूल थेट चालते. रेकॉर्डरला फक्त एक्सएलआर असेल, तर ४८ व्होल्टच्या फँटमवर, म्हणजे रेकॉर्डर एक्सएलआर केबलमधूनच देतो त्या विजेवर, चालणारं छोटं सर्किट लागेल. काही रेझिस्टर आणि कपॅसिटर, सगळं कनेक्टरच्या पोटात मावतं. ते करायचं नसेल तर रोडचा व्हीएक्सएलआर प्लस नावाचा अडॅप्टर फँटमचं ३ ते ५ व्होल्ट करून देतो. सोल्डरचा कंटाळा असलेल्यांनी तोच घ्यावा. आणि ज्यांना कॅप्सूललाही हात लावायचा नाही, त्यांच्यासाठी स्लोव्हाकियाच्या लोम कंपनीचे 'उशी' नावाचे माइक किंवा इंग्लंडचे 'क्लिपी' नावाचे माइक आहेत. आत हीच प्रिमोची कॅप्सूल. जास्तीचे पैसे तुम्ही कुणाच्या तरी नीट हातांचे देता, आणि ते वाजवीच आहेत.

तयार स्वस्त माइक उघडून आतलं बदलायचं, ही मधली वाट. मोठ्या डोक्याचे जे हजार-दोन हजारांचे चिनी कंडेन्सर माइक मिळतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या जाळीआड छोटीशी इलेक्ट्रेट असते. देह हत्तीचा, कान उंदराचे. त्यात ३४ मिलिमीटरची खरी कॅप्सूल आणि नवं सर्किट घातलं की घरच्या खोलीत आवाज रेकॉर्ड करायला तो छान होतो. लोकेशनवर मात्र निरुपयोगी. जड, वाऱ्याला हळवा आणि ओल आली की बोंब.

पिझो: स्पर्धाच नाही

तारेच्या कुंपणातून वारा कसा गातो, पुलाच्या कठड्यातून ट्रक कसा येतो, पत्र्याचं छप्पर आतून कसं वाजतं, हे ऐकायला २७ मिलिमीटरची पिझो चकती, म्हणजे कंप झाला की वीज देणारी चकती, घ्या. दहा-वीस रुपयांची वस्तू, बजरमध्ये असते तीच. वस्तूला चिकटवून ऐकायचे तयार कॉन्टॅक्ट माइक हजारांत जातात आणि आत बहुतेकदा असलीच चकती असते.

पण ती थेट माइक इनपुटला लावून "काय पत्र्यासारखं वाजतंय" म्हणत लोक फेकून देतात. दोष तिचा नाही. चकती म्हणजे जवळपास २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. समोर इनपुट २ हजार ओहमचा असेल तर साधारण ४ हजार हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. म्हणजे गाभाच गेला, कुरकुर उरली. १० हजार ओहमच्या लाइन इनपुटला ती सीमा ८०० हर्ट्झवर येते आणि १ मेगाओहमचा बफर मध्ये टाकला की ८ हर्ट्झवर. बफर म्हणजे एक जेफेट (एका जातीचा ट्रान्झिस्टर), दोन-तीन रेझिस्टर आणि बॅटरी. तयार घ्यायचा तर गिटारचा डीआय बॉक्स चालतो. चकती इपॉक्सीत पूर्ण बुडवून सुकवली की विहिरीत सोडायला हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला माइक, तयार. एकदा शेततळ्यात सोडला, तर पाणकिड्यांची अशी चिरचिर ऐकू आली की बाजूला उभ्या असलेल्या आजोबांनी हेडफोन परतच दिला नाही.

वाऱ्याची टोपी

यात मी दोन्ही बाजूंनी पैसे घालवलेत. माइकभोवती स्थिर हवेचा कप्पा हवा, आणि वारा जिथे घासतो तो पृष्ठभाग माइकपासून लांब. तत्त्व एवढंच. म्हणून नुसता फोम कोकणच्या किनाऱ्यावर हरतो आणि पिंजऱ्यावर चढवलेली केसाळ टोपी जिंकते.

छोट्या कॅप्सूलसाठी दोन चहाच्या गाळण्या तोंडाला तोंड लावून बांधा, वरून केसाळ कापड. पन्नासेक रुपयांत हे जे काम होतं त्याला तोड नाही. शॉटगनसाठी मात्र मी चार इंची पीव्हीसी पाइप भोकं पाडून वापरला आणि पस्तावलो. भोकांमधल्या प्लॅस्टिकवरून आवाज आपटतो, माणूस डब्यातून बोलल्यासारखा येतो. पिंजरा जवळपास सगळाच जाळीचा हवा. जेवणावर झाकायच्या जाळीपासून केलेला दुसरा पिंजरा ऐकायला ठीक होता, पण बॅगेत चेपला. तिसऱ्या वेळी रायकोट कंपनीचा तयार पिंजरा घेतला आणि विषय संपवला.

कापड घेताना एक चाचणी: मागच्या बाजूने तोंडाला लावून फुंका. हवा सहज पार गेली पाहिजे. खेळण्यातल्या अस्वलाच्या कापडाची पाठ घट्ट विणीची असते; ते वाऱ्यासोबत संवादातले "स" आणि "श" पण खातं. घरी आल्यावर माइकसमोर किल्ल्यांचा जुडगा वाजवा, टोपी घालून आणि काढून. दोन्हींत फरक थोडाच हवा.

वीज, आणि माझं नुकसान

बॅगेतल्या रेकॉर्डरला आणि वायरलेस रिसीव्हरना एकाच बॅटरीवरून वीज द्यायची पेटी मी घरी बनवली. अशा सामानाला वीज देणाऱ्या चार पिनी हिरोसे कनेक्टरला १ नंबर ऋण आणि ४ नंबर धन. मी मागून बघत सोल्डर केलं, म्हणजे आरशातलं. रेकॉर्डर एका क्षणात गेला. जळल्याचा तो गोडसर वास अजून नाकात आहे. एक फ्यूज आणि उलट्या जोडणीला अडवणारा डायोड, मिळून पंचवीस रुपये, मी वाचवले होते.

म्हणून पेटी बनवली तरी चालेल, पण या दोन गोष्टींशिवाय नाही. सेल मात्र तयारच घ्या. सोनीच्या एनपी-एफ जातीच्या ७.२ व्होल्टच्या बॅटऱ्या सगळीकडे भाड्यानेही मिळतात. चिकटपट्टीने बांधलेला घरचा लिथियम पॅक विमानतळावर समजावून सांगायचा प्रसंग येऊ नये. पॉवर बँक घेतलीत तर ती छोट्या रेकॉर्डरवर रात्रभर लावून आधीच तपासा. ओढ कमी पडली की काही पॉवर बँका "कुणी नाही" समजून झोपी जातात.

उरलेलं

रेकॉर्डर विकत. झूम एफ३ सारखा ३२-बिट फ्लोटचा छोटा रेकॉर्डर २०२२ पासून मिळतो आणि गेन चुकण्याची धास्ती जाते. फक्त लक्षात ठेवा, माइकमध्येच आवाज फाटला तर ३२-बिट काही शिवून देत नाही. जुन्या रेकॉर्डरचे प्रीअँप बदलायच्या फंदात पडू नका, तेवढ्या मेहनतीत जास्त आउटपुटची कॅप्सूल होते.

वायरलेस माइक भाड्याने. बूमसाठी, म्हणजे नटाच्या डोक्यावर माइक धरायच्या काठीसाठी, रंगाऱ्याचा लांबणारा अ‍ॅल्युमिनियम दांडा सरावाला चालतो, पण पकड बदलली की टणत्कार माइकपर्यंत जातो. बांबू त्यापेक्षा शांत, फक्त खांदा दुखतो.

दहा हजार हातात असतील आणि रेकॉर्डर आधीच असेल, तर केबल, कॅप्सूलची जोडी, पिझो आणि गाळण्यांची टोपी, चारही बनवा. पन्नास हजार असतील आणि शॉर्टफिल्मची कामं घ्यायची असतील, तर आधी रेकॉर्डर आणि चांगली टोपी घ्या, शॉटगन प्रत्येक कामाला भाड्याने आणा आणि केबल तरीही स्वतःच्याच हाताने करा. प्रत्येक केबलवर तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावा. संशय आला की सगळ्यात जुनी आधी बाहेर काढता येते.