स्पॅनिश अकादमीच्या कोशात ‘केदार’

माद्रिद येथे १७१३ मध्ये स्थापन झालेल्या रेआल आकादेमिया एस्पान्योला या भाषासंस्थेचा शब्दकोश संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. त्याची २३वी आवृत्ती २०१४ मध्ये निघाली आणि त्यानंतर तिच्यात वेळोवेळी भर पडत आली आहे. स्पॅनिश शिकणाऱ्याला हा कोश कितपत साथ देतो, हे जोखायचे असेल तर ‘केदार’ हे क्रियापद उघडून पाहावे. (आपल्याकडच्या केदारशी त्याचे नाते नाही, ‘शांत करणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून ते आले, असे कोश नोंदीच्या आरंभीच सांगतो.)

थांबणे, उरणे, एखादे ठिकाण कुठेतरी असणे, कपडा अंगाला शोभणे, भेटीची वेळ ठरवणे, इतकी परस्परांपासून दूरची कामे हे एकच क्रियापद करते. कोश ‘एखाद्या जागी थांबणे’ या अर्थापासून सुरुवात करून पुढचे अर्थ क्रमांकाने मांडतो. व्याख्या काटेकोर आहेत, रूपावली तिथेच मिळते आणि २०२३ पासून समानार्थी शब्दही. मात्र सारे विवेचन स्पॅनिशमध्ये, संक्षेपांनी भरलेले आणि उदाहरणांच्या बाबतीत हात आखडता घेणारे आहे. त्यामुळे ‘केदामोस आ लास ओचो’, म्हणजे ‘आठला भेटायचे ठरले’, यासारख्या स्पेनमध्ये नित्य ऐकू येणाऱ्या वाक्याचा अर्थ नवशिक्याला त्या रांगेतून शोधून काढावा लागतो.

मराठी वाचकाला एक सोय मात्र घरचीच आहे. ‘मे केदान दोस दीआस’ या वाक्यात दिवस हा कर्ता असतो, क्रियापद त्याच्याप्रमाणे अनेकवचनी होते आणि ज्याच्याकडे ते दिवस उरले तो माणूस चतुर्थीत जातो. ‘मला दोन दिवस उरले आहेत’ याची घडण हीच. ‘ते केदा ब्येन’ आणि ‘तुला शोभते’ यांचेही तसेच. म्हणून इंग्रजीच्या आधाराने हे क्रियापद शिकणे मला उगाच वळसा घेण्यासारखे वाटते.

प्रयोगाविषयीच्या शंकांसाठी याच संस्थेने इतर स्पॅनिशभाषक देशांतील अकादमींसह २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला शंकाकोश अधिक कामाचा आहे. एखादी गोष्ट करायचे ठरवणे या अर्थी ‘केदार एन’ येते, तर अमेरिका खंडातील अनेक देशांत ‘एन’च्या जागी ‘दे’ येते. स्पेनच्या पश्चिम भागात ‘किल्ल्या घरी ठेवून आलो’ अशा सकर्मक अर्थानेही ‘केदार’ वापरतात. तो प्रयोग प्रमाण भाषेत टाळावा, असे शंकाकोश बजावतो. मध्यम पातळी गाठलेल्या विद्यार्थ्याने दोन्ही कोश शेजारी उघडून बसावे. पहिल्या वर्षी मात्र शिक्षकालाच विचारावे.