विसर्जनाच्या तीन सोयी: हौद, पावडर आणि मातीचे संकलन

पुण्यात गणेशोत्सवाच्या काळात महापालिका घाटांवर विसर्जन हौद आणि लोखंडी टाक्या ठेवते, निर्माल्यासाठी वेगळे कलश मांडते, आणि प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घरीच विरघळवता यावी म्हणून अमोनियम बायकार्बोनेटची पावडर मोफत देते. आमच्या घराने या सोयी वापरल्या आहेत, आणि श्रद्धा व नदी यांपैकी एकच निवडा असे त्या कोणाला सांगत नाहीत, हे मला त्यांचे सर्वांत मोठे मोल वाटते.

लहानपणी वडील ओंकारेश्वराच्या घाटावर गुडघाभर पाण्यात उतरून मूर्तीला तीनदा बुडवत आणि नंतर पाटावर थोडी वाळू ठेवून घरी आणत. पुढे कळत्या वयात, खडकवासल्याचा विसर्ग थांबल्यावर उघड्या पडलेल्या मुठेच्या पात्रात अर्धवट भिजलेल्या मूर्ती पुलावरून पाहिल्या, आणि ज्याला निरोप देताना डोळे भरून येतात त्याला आपण असे टाकून देतो, याचे फार वाईट वाटले. त्यामुळे हौदापाशी आजीने घाटाच्या पायरीवर पाट ठेवून शेवटची आरती केली, ‘पुनरागमनाय च’ म्हणून अक्षता वाहिल्या, आणि स्वयंसेवकाने मूर्ती दोन्ही हातांनी धरून, तीन वेळा बुडवून मगच खाली सोडली, तेव्हा विधीत काही उणे राहिले असे घरातल्या कोणालाही वाटले नाही. निर्माल्य वेगळे काढण्यासाठी काठावर राबणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद महिलांचा उल्लेख येथे करायलाच हवा.

पावडरीची पद्धत पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांची आहे. प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते साध्या पाण्यात महिनोन्‌महिने तसेच राहते, पण पावडर पाण्यात मिसळून केलेल्या द्रावणात मूर्ती बुडवून मधूनमधून काठीने ढवळत राहिल्यास साधारण ४८ तासांत तिचे तळाशी बसणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटमध्ये आणि पाण्यात उतरणाऱ्या अमोनियम सल्फेटमध्ये रूपांतर होते. अमोनियम सल्फेट हे खतच आहे, त्यामुळे वरचे पाणी भरपूर पातळ करून झाडांना घालता येते. अमोनियाचा वास मात्र उग्र असल्याने बादली गॅलरीत किंवा अंगणातच ठेवावी. याहून गंभीर उणीव रंगाची आहे, कारण प्लास्टर विरघळले तरी रासायनिक रंगाचे पापुद्रे तरंगत राहतात आणि ते गाळून वेगळे काढावे लागतात. म्हणून हा उपाय मला नाइलाजाचाच वाटतो.

माझी खरी पसंती शाडूच्या मूर्तीला आणि ‘पुनरावर्तन’ या उपक्रमाला आहे. शाडू मोठ्या प्रमाणावर गुजरातमधून, खाणीतून येतो. तो नदीत सोडला तर तळाशी गाळ होऊन बसतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवी माती खणावी लागते. या उपक्रमात घरच्या विसर्जनानंतर उरलेली माती गोळा करून पुन्हा मूर्तिकारांकडे पोहोचवली जाते. ती देताना सुकवलेली असावी आणि तिच्यात फुले, दोरा किंवा तांदूळ राहू देऊ नयेत. शाडूच्या मूर्तीला पावडरीची गरज नसते; मूर्ती पूर्ण बुडेल एवढी बादली आणि साधे पाणी पुरते.