मुसराद, हिलारियो, फर्नांदीनची कलमं: रोप चोख, पाटी अर्धवट

गोव्यात तिसवाडीतल्या या छोट्या रोपवाटिकेत मुसराद, हिलारियो आणि फर्नांदीन या गोव्याच्या आंब्यांची कलमं एकाच ठिकाणी मिळतात, हीच मोठी गोष्ट. मानकुराद या गोव्याच्या नावाजलेल्या आंब्याची चिंता नाही, त्याला 2023 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. बाकीच्यांची जुनी झाडं मात्र जागा बिल्डरकडे गेली की घरासोबतच जातात. पणजी-म्हापशाच्या अंगणांत यांची कलमं लागायलाच हवीत.

कलमं मृदुकाष्ठ पद्धतीची, म्हणजे खालच्या रोपाच्या (खुंटाच्या) कोवळ्या फुटीवर हव्या जातीची काडी बांधलेली, वर्षभराची. जोड वीतभर उंचीवर, पक्का सांधलेला. पिशवीत मुळांची गुंडाळी झालेली नाही. रोपात खोट काढायला जागा नाही.

खोट आहे ती पाटीत. नुसतं ‘मुसराद’ लिहिलंय; काडी कुठल्या झाडाची, त्याचा पत्ता नाही. कोवळ्या कलमाच्या पानांवरून जात भल्याभल्यांना ओळखता येत नाही, आणि फळ यायला चार-पाच वर्षं लागतात. एकाच जातीतही झाडागणिक फरक असतो. म्हणून तर जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेने ‘कार्दोझ मानकुराद’ वेगळा निवडला.

जोडावरची प्लास्टिकची पट्टीही तशीच ठेवून देतात. लावल्यावर कलमाने जीव धरला की ती ब्लेडने उभी चिरून काढा. राहिली तर खोड जाडावताना आत रुतते आणि कलम वाऱ्यात तिथेच मोडतं. जोडाखालून फुटणारे धुमारे दर पंधरवड्याला खुडा. पानं तजेलदार दिसतात म्हणून लोक ते राखतात; मग खुंटच जोर धरतो, वरची काडी सुकते आणि अंगणात वाढतो तो रायवळ.

जांभ्या जमिनीत खड्डा 1 मीटर लांब, रुंद, खोल हवा. आधी पाणी भरून बघा. सकाळपर्यंत साचून राहिलं तर जागा बदला. पावसाच्या दोन-चार सरी झाल्या की शेणखत-माती घालून लावा, जोड मातीबाहेर ठेवा. पहिली तीन वर्षं मोहोर खुडायचा. पुढे फळं उतरल्यावर छाटून झाड 3-4 मीटरवर राखा.

एकच लावायचा तर मुसराद घ्या, त्याचं मांगाड (आंब्याचा जॅम) फार छान होतं. फर्नांदीन उशिरा पिकतो, पावसात सापडतो. फळमाशीसाठी कागदी पिशव्या बांधाव्या लागतील.

विचारलं तर काडी कुठल्या झाडाची ते तोंडी सांगतात. ते अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर खिळ्याने कोरून सैल तारेने फांदीला अडकवा. मार्करची अक्षरं पावसाळ्यात पुसली जातात.