गेमिंग लॅपटॉपवर फेडोरा: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या काही महिन्यांपासून मी गेमिंग लॅपटॉपवर फेडोरा या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची केडीई (हा तिचा डेस्कटॉप) आवृत्ती रोजच्या कामासाठी आणि खेळांसाठीही वापरत आहे. एएमडीचा प्रोसेसर, त्यातच अंगभूत ग्राफिक्स आणि शिवाय एनव्हिडियाचे ६ जीबीचे आरटीएक्स ३०६० हे स्वतंत्र कार्ड, अशी या लॅपटॉपची रचना आहे. लिनक्सवर गेम चालतात का, असे सगळेच विचारतात. माझ्या मते अशा लॅपटॉपबाबत आधी विचारावा असा प्रश्न म्हणजे, काम नसताना ते दुसरे कार्ड झोपते का.

ड्रायव्हरचे काम पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर फेडोरासोबत येत नाही, तो आरपीएम फ्यूजन या फेडोराबाहेरच्या सॉफ्टवेअर-भांडारातून घ्यावा लागतो, आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेले सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) चालू ठेवायचे असेल तर आपली सहीची की एकदा नोंदवावी लागते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला की ड्रायव्हरचे मॉड्यूल लॅपटॉपवरच नव्याने तयार होते व त्याला काही मिनिटे लागतात. म्हणून अपडेट संपल्याबरोबर रीस्टार्ट न करता थोडे थांबलेले बरे.

खरी मेख विजेच्या वापरात आहे. डेस्कटॉप, ब्राउझर आणि व्हिडिओ हे सगळे अंगभूत ग्राफिक्सवर चालते. एनव्हिडियाचे कार्ड फक्त त्या प्रोग्रामसाठी जागे होते, ज्याला आपण ते मुद्दाम नेमून देतो. वापर थांबला की कार्डाचा वीजपुरवठा तोडण्याची सोय एनव्हिडियाच्या ट्युरिंग या पिढीच्या कार्डांपासून आहे. मात्र कार्ड जागे राहिले, तर काहीही न करता ते आठ-दहा वॅट सहज खाते. ६० वॅट-अवरच्या बॅटरीवर एकूण खर्च ८ वॅट असेल तर सात तासांहून अधिक काम होते, आणि तोच १८ वॅटवर गेला तर जेमतेम सव्वातीन तास मिळतात. ‘लिनक्सवर बॅटरी टिकत नाही’ या तक्रारीचे मूळ अशा लॅपटॉपांत बहुतेक वेळा इथेच सापडते.

हे तपासण्याची एक पद्धत सांगितलीच पाहिजे. कार्डाची स्थिती पाहायला बरेचजण ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही कमांड चालवतात. पण ती कमांडच कार्डाला उठवते, त्यामुळे कार्ड सदैव जागे असल्याचा समज होतो. त्याऐवजी सिसएफएसमध्ये (कर्नल हार्डवेअरची माहिती जिथे फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे) त्या कार्डाच्या पॉवर फोल्डरातील ‘रनटाइम स्टेटस’ ही फाइल वाचावी. ‘सस्पेंडेड’ असे उत्तर आले तर कार्ड झोपलेले आहे; ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसले तर कोणता प्रोग्राम त्याला धरून बसला आहे, ते शोधावे.

बाहेरच्या मॉनिटरचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. अनेक गेमिंग लॅपटॉपांत, माझ्याही, एचडीएमआय पोर्ट थेट स्वतंत्र कार्डाला जोडलेला असतो. त्यात केबल लावली की कार्ड झोपूच शकत नाही, मग मॉनिटरवर नुसती पीडीएफ उघडलेली का असेना. माझा यूएसबी-सी पोर्ट सुदैवाने अंगभूत ग्राफिक्सकडे जातो, म्हणून वाचन-लेखनासाठी मी मॉनिटर तिथेच लावतो. पोर्टांची ही जोडणी जाहिरातीतल्या तपशिलात क्वचितच सापडते, आणि लिनक्ससाठी लॅपटॉप घेणाऱ्याने मी तरी रॅमच्या आधी तीच विचारावी असे म्हणेन.

आता खेळांविषयी. स्टीम हे खेळांचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१८ मध्ये विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारे प्रोटॉन आणल्यापासून चित्र पार पालटले आहे. विंडोजसाठी लिहिलेल्या डायरेक्टएक्सच्या ग्राफिक्स-आज्ञा प्रोटॉनमधले डीएक्सव्हीके आणि व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन हे थर लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनच्या आज्ञांत बदलून देतात; ‘एल्डन रिंग’ किंवा ‘द विचर ३’ स्टीमवरून उतरवून थेट खेळता येतात. डायरेक्टएक्स १२ वापरणाऱ्या काही खेळांत फ्रेम्स विंडोजपेक्षा कमी मिळतात, हे मात्र मान्य करावे लागेल. स्टीमची लायब्ररी डिस्कच्या जुन्या एनटीएफएस (विंडोजच्या फाइल-पद्धतीच्या) विभाजनावर ठेवू नये. प्रोटॉन तयार करत असलेल्या काही फाइलींची नावे विंडोजला चालत नाहीत आणि पुढे विनाकारण अडचणी येतात.

अँटी-चीटच्या, म्हणजे ऑनलाइन खेळांतली फसवणूक रोखणाऱ्या प्रणालींच्या, बाबतीत मात्र लिनक्स वापरणाऱ्याच्या हाती काहीच नाही. ‘व्हॅलोरंट’ चालत नाही आणि ‘फोर्टनाइट’ही नाही; ‘एपेक्स लेजंड्स’ पूर्वी चालत असे, पण २०२४ मध्ये त्याने लिनक्सला दार बंद केले. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही प्रणाली प्रोटॉनवर चालू शकतात, तरी ती मुभा द्यायची की नाही हे त्या-त्या खेळाचा निर्माता ठरवतो. मित्रांसोबत रोज रात्री यांपैकी एखादा खेळ खेळणाऱ्याला मी विंडोज काढून टाकायला कधीच सांगणार नाही.

माझ्याकडेही विंडोजचे एक लहान विभाजन शिल्लक आहे, पण ते खेळांसाठी नाही. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवणे आणि फॅनची पातळी बदलणे या गोष्टी आता केडीईच्या सेटिंगमधून आणि कीबोर्डवरच्या बटणांनी होतात, कारण त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आलेले आहेत. माझ्या लॅपटॉपचे बायोस अपडेट मात्र अजून फक्त विंडोजच्या फाइलीतूनच मिळते.