संप पंपाची 'नवी' बॅटरी आमच्या गळ्यात मारली. तुमच्या डब्याचं झाकण उघडून बघा

१ सप्टेंबर २०२१ ची रात्र न्यू जर्सीत राहणारं कुणी विसरणार नाही. आयडा वादळ दक्षिणेत शमलं होतं, पण त्याचा पाऊस आमच्या डोक्यावर कोसळत होता. नेवार्कला त्या एका दिवसात ८.४१ इंच पडला. आम्ही एडिसनला राहतो. रात्री दहाच्या सुमारास लाइट गेले आणि लगेच खालून बॅकअप पंपाची घरघर सुरू झाली. मी नवऱ्याला म्हटलं, "बरं झालं बाई, एप्रिलमध्येच बॅटरी बदलून घेतली." पंधरा मिनिटंही झाली नसतील, घरघर बारीक होत गेली, कंट्रोलरने, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या भिंतीवरच्या डब्याने, पिप-पिप केलं आणि पंप बंद पडला.

ज्यांच्याकडे बेसमेंट नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इथल्या घरांचा तळमजला जमिनीखाली असतो. पायाभोवती झिरपणारं पाणी एका खड्ड्यात, म्हणजे संप पिटमध्ये, जमतं आणि पंप ते बाहेर फेकतो. हा मुख्य पंप घरच्या विजेवर चालतो, आणि वीज नेमकी वादळातच जाते. म्हणून त्याच्या शेजारी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा दुसरा पंप बसवतात. माझं माहेर कोल्हापूरचं. तिथे पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की अख्ख्या गावाला आधी कळतं. इथे ते पायाखालून येतं, कुणाला न सांगता.

आता एप्रिलची गोष्ट. आमच्या कंट्रोलरने दोन दिवस 'लो बॅटरी'चा अलार्म लावला होता. बॅटरी जेमतेम दोन वर्षांची, नवऱ्याने स्वतः आणलेली. त्याच आठवड्यात दारात एक पत्रक अडकवलेलं सापडलं: संप पंपाची तपासणी, वसंत ऋतूची खास सवलत. मी फोन केला. दुसऱ्या दिवशी एक माणूस आला. बोलायला अतिशय गोड, बूट काढून आत आला, देवघराकडे बघून हातही जोडले. माझी मीटिंग चालू होती. त्याला खाली सोडून मी वर गेले. तो जवळजवळ पाऊण तास खाली एकटा होता.

मला हाक मारून त्याने बॅटरीला मीटर लावून १०.८ व्होल्ट दाखवलं. "बॅटरी मेली आहे, आणि तिने कंट्रोलरही जाळलाय," म्हणाला. दोन्ही बदलायचे ६८५ डॉलर. मी हो म्हटलं. खिडकीतून मी त्याला गाडीतून नवी बॅटरी आणताना पाहिलं. एका हातात धरून, सहज चालत आला. आमची जुनी बॅटरी दोघांनी धरून, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर टेकवत खाली नेली होती, तीस किलोच्या घरात होती. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

त्याने खड्ड्यात एक बादली पाणी ओतलं, पंप सुरू झाला, पाणी गेलं. झालं काम. कार्डने पैसे देते म्हटलं तर मशीन बिघडलंय म्हणाला, म्हणून फोनवरून सरळ बँकेतून पाठवले. जुनी बॅटरी 'रीसायकलिंगला देतो' म्हणून घेऊन गेला.

त्या रात्री नवऱ्याने आधी बेसमेंटचे ब्रेकर पाडले, म्हणजे लाइट अचानक आले तर पाण्यात करंट उतरू नये. मग आम्ही दोघं आणि शेजारचे पटेलभाई पहाटे तीनपर्यंत बादल्यांनी पाणी उपसत होतो. तरी सात इंच चढलंच. गालिचा गेला, मुलीची पुस्तकं गेली. नऊ दिवसांवर गणपती होते, आणि मखराचं खोकं तिथेच जमिनीवर ठेवलेलं होतं. थर्माकोल तरंगत होता, वेलबुट्टीचा कागद हातात घेतला की लगदा व्हायचा. ते मखर सासऱ्यांनी इथे आले असताना बसून केलेलं होतं. ते आता नाहीत.

दोन दिवसांनी मी बॅटरीच्या काळ्या डब्याचा पट्टा सोडवून झाकण उघडलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा. तोच माझा सगळ्यात मोठा दोष, कारण सगळी लबाडी त्या झाकणाखाली होती. वरचं लेबल नवं कोरं, पण एका कोपऱ्यात फुगलेलं. नखाने उचकटलं तर खाली दुसरं लेबल, त्यावर 'कोल्ड क्रँकिंग अँप्स', म्हणजे थंडीत इंजिन चालू करायची ताकद, इतकंच लिहिलेलं. अँपिअर-अवरचा, म्हणजे बॅटरी किती वेळ पुरेल त्याचा, उल्लेखही नाही. म्हणजे ती मोटारीची बॅटरी. मोटारीच्या बॅटरीतल्या प्लेट पातळ असतात. इंजिन चालू करायला काही सेकंद भरपूर करंट द्यायचा, एवढंच तिचं काम. पंपाला तासन्‌तास दहा-बारा अँपिअर लागतात. त्याला जाड प्लेटांची डीप सायकल बॅटरी लागते. शिवाय ही वापरलेलीच होती. शिशाच्या दोन्ही खुंट्यांवर आधीच्या क्लॅम्पचे ओरखडे स्पष्ट दिसत होते; नव्या बॅटरीच्या खुंट्या गुळगुळीत असतात. तारखेच्या गोल स्टिकरवर 'एफ ५' होतं. बऱ्याच कंपन्यांच्या बॅटरीवर ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, आणि पुढे वर्षाचा शेवटचा अंक असतो. जून २०१५! टोपणं काढली तर दोन कप्प्यांत प्लेटा कोरड्या पडून पांढऱ्या झालेल्या. कंट्रोलर तर बदललाच नव्हता. आमच्या जुन्या माहितीपत्रकावर नवऱ्याने लिहून ठेवलेला सिरीयल नंबर आणि भिंतीवरच्या डब्याचा नंबर एकच निघाला.

यापेक्षाही मनाला लागलं ते पुढचं. आमच्या बॅटरीला मुळात काही झालंच नव्हतं. चार्जर आणि डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं यंत्र) एकाच जीएफसीआय आउटलेटवर आहेत, तेच करंट गळला की आपोआप बंद होणारं, मधोमध छोटं रीसेटचं बटण असलेलं. त्या आठवड्यात डीह्युमिडिफायरही बंद होता, आणि तो माणूस गेल्यावर आपोआप चालू झाला. तेव्हा मी त्याचा विचारही केला नाही. आउटलेट ट्रिप झालं होतं, चार्जिंग थांबलं, बॅटरी उतरली, अलार्म वाजला. त्याने बटण दाबलं, चांगली बॅटरी उचलली आणि भंगार ठेवून गेला. एक बटण, ज्याला एक पैसाही लागत नाही.

म्हणून कळकळीने सांगते, अलार्म वाजला की कुणालाही बोलावण्याआधी ते बटण दाबून बघा. मग चार्जरला एक रात्र द्या. सकाळी चार्जर काढून दोन-तीन तास थांबा आणि बॅटरीला मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं छोटं यंत्र, लावा. साधी शिसे-आम्लाची बॅटरी असेल तर १२.६ व्होल्टच्या वर दिसायला हवं. १२ च्या आसपास घुटमळत असेल तर ती थकली आहे. उतरलेली बॅटरी १०.८ दाखवणारच, तेवढ्यावरून ती मेली असं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका.

आणि एका बादलीची परीक्षा खरी मानू नका. मिनिटभर तर आमचं भंगारही चाललं. मुख्य पंपाचा प्लग काढा, चार्जरचाही काढा, नाहीतर चार्जर बॅटरीचं दुखणं झाकून टाकतो. मग बागेचा पाइप खड्ड्यात सोडून वीस मिनिटं पंप चालू द्या आणि चालू असतानाच व्होल्ट बघा. भराभर ११ च्या खाली घसरले तर बॅटरी बदलायचीच. फ्लोट, म्हणजे पाणी चढलं की पंप चालू करणारा तरंगता गोळा, कडेला अडकत नाही ना, बाहेर पाणी जोरात पडतंय ना, हेही तेव्हाच दिसतं. पंप घरघरतो पण पाणी जात नाही असं असेल तर चेक व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारी झडप) अडकलेला असू शकतो, किंवा त्याच्या खालच्या पाइपचं बारीक भोक बुजून हवा कोंडलेली असते. टोपणवाल्या बॅटरीत प्लेटा बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं नको. सडक्या अंड्यासारखा वास आला तर चार्जर बंद करा आणि खोलीत हवा खेळती ठेवा.

पैशांचं काय झालं, तर काहीच परत आलं नाही. पत्रकावरचा फोन बंद. तेव्हा, २०२१ मध्ये, न्यू जर्सीत घरदुरुस्ती करणाऱ्याला राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्स (ग्राहक संरक्षण) विभागाकडे नोंदणी करावी लागायची, नंबर '१३ व्हीएच'ने सुरू व्हायचा आणि तो ऑनलाइन तपासता यायचा. या माणसाच्या पावतीवर नंबरच नव्हता. ५०० डॉलरच्या वरच्या कामाला लेखी करार लागतो आणि तीन कामाच्या दिवसांत तो रद्द करता येतो, हे मला तक्रार करताना कळलं. कार्डने दिले असते तर निदान बँकेत वाद घालता आला असता. इन्शुरन्सनेही हात वर केले. नेहमीच्या पॉलिसीत संप पंप बंद पडून आलेलं पाणी धरत नाहीत, त्याचं वेगळं कलम घ्यावं लागतं. तुमच्या पॉलिसीत ते आहे का, आज रात्रीच बघा.

त्या वर्षी गणपती दिवाणखान्यात नुसत्या चौरंगावर बसवला, मागे आईची जुनी पैठणी लावून. नवी बॅटरी आम्ही दुकानातून स्वतः आणली, तारीख वाचून, दोघांनी धरून. डब्यावर मार्करने महिना-वर्ष लिहिलंय आणि मल्टिमीटर खिळ्याला टांगलाय. दर महिन्याच्या एक तारखेला मुलगी खाली जाऊन आकडा वहीत लिहिते. आज सकाळी तिने खालूनच ओरडून सांगितला, १२.६८.